नाल्यावरची फरशी

हॉलमध्ये अकरा टेबलं होती आणि त्रेसष्ट खुर्च्या. त्यांतल्या चार मोडक्या, एकीत एक घालून कोपऱ्यात ठेवलेल्या. काउंटरमागे तीन फळ्या. वरच्या फळीवर रमच्या नऊ बाटल्या, मधल्या फळीवर व्हिस्कीच्या चौदा आणि जिनच्या दोन, खालच्या फळीवर ग्लास: मोठे एकतीस, छोटे अठ्ठावन्न. फ्रिजमध्ये बिअरच्या बेचाळीस बाटल्या. छताला पंखे सहा, चालू पाच. हाउजीची (तंबोल्याची) लाकडी पेटी एक, तिच्यात नव्वदऐवजी एकोणनव्वद सोंगट्या आणि एक पांढरं बटण. बटणावर पेनने ३७ लिहिलेलं.

हे सगळं मी तक्त्यात भरलं. अर्जातला सहावा रकाना ‘जागेवर प्रत्यक्ष आढळलेल्या वस्तू’ असा होता आणि त्यात काय लिहायचं नाही ते कुठेच दिलेलं नव्हतं.

नव्या नियमावलीत करमणुकीची आणि मनोरंजनाची सगळी ठिकाणं एका वर्गात आली होती. आधी क्लबचा परवाना वेगळा असायचा, नाट्यगृहाच्या कँटीनचा वेगळा, बोलिंगच्या हॉलचा वेगळा. आता सगळ्यांना एकच अर्ज, एकच नकाशा आणि एकच अट: दारू दिली जाते त्या जागेच्या दारापासून धार्मिक स्थळाच्या किंवा शाळेच्या फाटकापर्यंत पंचाहत्तर मीटर अंतर हवं. मोजणीचं काम आमच्या कंपनीला मिळालं होतं. माझ्या वाट्याला चौदा ठिकाणं आली. डोंबिवलीतलं बोलिंग, कल्याणचे दोन गेम झोन, शहाडला नदीकाठचं रिसॉर्ट अशी तेरा झाली होती. हे चौदावं, ठाण्यात खाडीच्या बाजूला असलेल्या बंदरवाडीतला रिक्रिएशन क्लब.

माझ्याबरोबर उत्पादन शुल्क खात्याचे दुय्यम निरीक्षक सुदेश घरत होते. तेराही ठिकाणी तेच होते. गाडीतून उतरल्यावर आधी सावली शोधायची आणि तिथून सूचना करायच्या, ही त्यांची पद्धत.

“ऐश्वर्या, ग्लास कशाला मोजतेस गं? पळून जाणारेत का ते?”

“रकाना आहे सर.”

“रकान्यात ‘आवश्यक ते सामान’ लिही आणि मोकळी हो.”

क्लबचे सेक्रेटरी व्हॅलेरियन परेरा काउंटरच्या कडेला उभे होते. वय एकाहत्तर, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. मी मोजत होते तोवर ते ग्लासांवर नजर ठेवून होते. मोजून झाल्यावर म्हणाले, “मॅडम, छोटे ग्लास साठ हायेत. दोन आमच्या बायच्या घरी गेलेत. ती परत नाय देणार, पण लिवून ठेवा.”

मी कंसात दोन लिहिले.

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण ॲनी. तिला वाडीत सगळेच ॲनीबाय म्हणतात. ती नाल्यापलीकडच्या गल्लीत राहते. हे तेव्हा सांगायचं कारण एवढंच की ग्लास तिच्याकडे होते. पण अर्ध्या तासात तिचं नाव दुसऱ्या कागदावर निघालं.

सुदेशसरांच्या फायलीत धार्मिक स्थळांची यादी होती, पालिकेकडे आणि न्यासांच्या नोंदणीत असलेल्या स्थळांची. क्लबच्या आसपास एकच निघालं. क्रमांक एक्केचाळीस, ‘बंदरवाडी क्रूस’.

“क्रूस?” व्हॅलेरियन हसले. “तो तर उघड्यावर हाय साहेब. त्याला ना छप्पर, ना दार. देऊळ नाय, चर्च नाय. प्लेगच्या साथीत गावानं उभा केलेला.”

“नोंदणीकृत न्यास आहे,” सुदेशसर वाचू लागले. “विश्वस्त तीन. ॲनी परेरा. ऑलिव्हर मिस्किटा. व्हॅलेरियन परेरा.”

“कोण?”

“व्हॅलेरियन परेरा.”

व्हॅलेरियननी कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. सही त्यांचीच होती. तारीख बारा वर्षांपूर्वीची.

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला सोड्याची बाटली घेऊन बसलेले गृहस्थ म्हणजे ऑलिव्हर मिस्किटा. ते तिथूनच म्हणाले, “वॅली, इथंच सही केलेलीस. याच काउंटरवर. हाउजीचा ब्रेक होता. बाय म्हणाली सही कर, तू केलीस. मीपण केली.”

“कागद वाचला नाय?”

“तू वाचलास?”

व्हॅलेरियननी कागद सुदेशसरांना परत दिला.

नंतर कळलं ते असं. बारा वर्षांपूर्वी गल्लीचा रस्ता रुंद करायचं ठरलं आणि विनापरवाना धार्मिक बांधकामांची यादी निघाली. क्रूस त्या यादीत होता. ॲनीबाय तेव्हा सहासष्ट वर्षांची. ती कल्याणला जाऊन त्या जागेचे, म्हणजे जुन्या मिठागराचे, कागद घेऊन आली, नौपाड्यातल्या एका वकिलाकडे सात वेळा गेली, आणि क्रूसाचा न्यास नोंदवून घेतला. रस्त्याची आखणी एक मीटर सरकली. क्रूस राहिला. त्या वर्षी क्लबने तिचा शाल देऊन सत्कार केला. भाषण व्हॅलेरियननी केलं होतं.

तेव्हा क्लबला अंतराची अट नव्हती. त्यामुळे क्रूस कागदावर आला म्हणून क्लबचं काही बिघडेल, हे कोणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

मी बाहेर आले आणि मोजचाक जोडलं. क्लबचं दार हॉलच्या बाजूला, व्हरांड्यात उघडतं. व्हरांड्यासमोर अंगण, अंगणाच्या कडेला दोन मीटर वीस सेंटीमीटर रुंदीचा नाला, आणि नाल्यापलीकडे गल्लीत, कमरेएवढ्या लोखंडी कठड्याच्या आत, क्रूस. नाल्यावर सिमेंटची एक फरशी टाकलेली. लांबी तीन मीटर, रुंदी नव्वद सेंटीमीटर. एका बाजूला पाइपचा कठडा, धरून धरून गुळगुळीत झालेला.

दुसरा मार्ग क्लबच्या मुख्य फाटकातून मोठ्या रस्त्यावर, डावीकडे कोपऱ्यापर्यंत, तिथे नाल्यावरून जाणारा पालिकेचा पूल, आणि मग गल्लीतून मागे.

फरशीवरून सेहेचाळीस मीटर तीस. रस्त्याने अठ्ठ्याऐंशी मीटर दहा.

मी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले. व्हॅलेरियन माझ्या मागून चालत आले होते.

“लिमिट किती म्हणालात?”

“पंचाहत्तर.”

“मग रस्त्याचंच लिवा ना. ती फरशी आमची हाय. क्लबनं टाकलेली, चौऱ्याण्णव साली. प्रायव्हेट.”

सुदेशसर व्हरांड्याच्या सावलीत होते. तिथून त्यांनी नियम वाचून दाखवला. अंतर सरळ रेषेत धरायचं नाही. ‘पादचारी सर्वसाधारणपणे ज्या सर्वांत जवळच्या मार्गाने जातो’ त्या मार्गाने मोजायचं.

“सर्वसाधारणपणे म्हणजे?” व्हॅलेरियननी विचारलं.

“ते नियमात दिलेलं नाही.”

“मग कोण ठरवणार?”

सुदेशसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले की मोजता येईल. कोण कुठून जातं ते दोन तास उभं राहून मोजायचं.

“बघा, विज्ञान शिकलेल्या पोरी,” सुदेशसर म्हणाले. “यांना माणूससुद्धा मोजता येतो.”

नेमका दिवस सांगायचा नाही असं मला वाटत होतं. पण सुदेशसरांनी निघताना सांगूनच टाकलं: पुढचा रविवार, संध्याकाळी पाच ते सात.

रविवारी मी पावणेपाचला पोचले. क्लबच्या अंगणाच्या कोपऱ्यात बदामाच्या झाडाखाली खुर्ची टाकली. तिथून फरशी आणि रस्त्याचा पूल दोन्ही दिसतात. दोन रकाने आखले. नियम मीच ठरवला होता: एक माणूस एकदाच. पहिल्यांदा ज्या मार्गाने दिसेल, त्या रकान्यात. पुन्हा आला तर धरायचा नाही.

पाच वाजून चार मिनिटांनी रस्त्याच्या पुलावर सात माणसं एकदम दिसली. सगळी साठीपुढची. बायकांनी चर्चला जायचे झगे घातले होते. ती कोपऱ्यावरून वळून फाटकातून क्लबमध्ये आली, मला ‘गुड इव्हिनिंग’ म्हणाली आणि आत गेली. आणखी पाच मिनिटांनी सहा जण. त्यांच्यात पुढे ऑलिव्हर.

सव्वापाचला ऑलिव्हर पुन्हा पुलावर दिसले. आता डोक्यावर टोपी होती. तिसऱ्या वेळी टोपी नव्हती पण हातात छत्री होती. एप्रिलचं ऊन उतरलं होतं. आभाळात ढग नव्हता.

चौथ्या वेळी ते माझ्यापाशी थांबले, दम घेत. “किती झाले मॅडम, आमचे?”

“तुम्ही एक.”

“एक?”

“माणसं मोजतेय. फेऱ्या नाही.”

ते कपाळ पुसून सरळ उभे राहिले. मग हॉलच्या दाराकडे तोंड करून ओरडले, “ए वॅली! हिला फसवता नाय येणार रे! फुकट चालवलंस मना!”

आतून बरेच लोक हसले. पाचवी फेरी झाली नाही.

फरशीवरून जाणाऱ्यांना हे काही ठाऊक नव्हतं. गल्लीत पुढे तीन नव्या इमारती आहेत. तिथल्या माणसांना मोठ्या रस्त्यावरच्या बस स्टॉपला जायला क्लबचं अंगण सोयीचं पडतं. ट्यूशनवरून येणाऱ्या मुली, दुधाच्या पिशव्या घेतलेले गृहस्थ, डिलिव्हरीचे बॅगवाले, एक बाई कुत्र्याला घेऊन. कुत्रा मी धरला नाही. पावणेसहाला जाईबाई आल्या, डोक्यावर मासळीची टोपली. फरशीच्या मधोमध थांबून त्यांनी मला विचारलं, “काय गं, कशाची पावती फाडतेस?”

“पावती नाही. माणसं मोजतेय.”

“मंग मना दोन धर. टोपल्यासकट.”

“एकच धरता येतं.”

“सरकारचं कामच असं. वजन बघत न्हाईत.”

सव्वासहाला ॲनीबाय घराबाहेर आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. ठेंगणी, फुलाफुलांचा झगा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मेणबत्त्यांची पिशवी. दोन्ही गुडघ्यांना पट्टे. तिने क्रूसाच्या कठड्याची कडी काढली, आत तीन मेणबत्त्या लावल्या, कडी घातली. मग फरशीकडे वळली.

हॉलच्या दारात माणसं गोळा झाली. व्हॅलेरियन पुढे. त्यांनी हाताने रस्त्याकडे खूण केली. ॲनीबाय थांबली, त्यांच्याकडे बघितलं आणि पाइपचा कठडा धरून फरशीवर पाय ठेवला.

“बाय! तिकडनं ये गं, तिकडनं!”

“का? फरशी पडली?”

“सांगितलेलं ना तुला!”

“सांगितलेलंस. मी बत्तीस वर्सं इथनं येते. या पोरीसमोर काय नाटक करू?” ती अलीकडे पोचली, माझ्या कागदात डोकावली. “मना कटे लिवलंस?”

मी फरशीचा रकाना दाखवला.

“बरोबर हाय,” ती म्हणाली आणि आत गेली.

सातला मी बेरीज केली. फरशीवरून चौऱ्याहत्तर माणसं. रस्त्याने एकोणचाळीस, त्यांतले सव्वीस क्लबचे सभासद.

निकाल तिथल्या तिथे सांगायची सक्ती नव्हती. पण व्हॅलेरियन विचारायला आले आणि खोटं सांगायचं काही कारण नव्हतं. ते ऐकून त्यांनी मला आत बोलावलं. हाउजी थांबली होती. एका टेबलाशी ॲनीबाय आणि ऑलिव्हर बसले होते. ॲनीबायसमोर छोटा ग्लास, अर्धा भरलेला. मला लिंबू सरबत दिलं.

“म्हणजे सेहेचाळीस लागणार,” व्हॅलेरियन म्हणाले.

“रिपोर्टमध्ये दोन्ही अंतरं आणि दोन्ही संख्या जातील. निर्णय वरचे घेतात.”

“वरचे काय घेणार ते मना कळतं. एकतीस मेला परवाना संपतो.”

मी विचारलं की बार बंद झाला तरी हॉल राहीलच ना. मला ते खरंच कळत नव्हतं. हॉल त्यांच्या मालकीचा होता, हाउजी खेळायला परवाना लागत नव्हता.

व्हॅलेरियननी खिशातून कागद काढला. सभासदांची यादी होती. सत्तर नावं. प्रत्येकासमोर वय. “साठीच्या खाली किती हायेत बघा.”

मी पाहिलं. नऊ.

“आमच्या बाबानं आणि मिठागरातल्या आठ जणांनी हा क्लब काढला. ही माणसं संध्याकाळी इथे येतात. एक पेग घेतात, दोन घेतात, हाउजी खेळतात, भांडतात, नऊला घरी. बार नसला तर पहिल्या महिन्यात तीस येतील. मग दहा. पलीकडच्या वाडीत हेच झालं, तीन वर्सांत कुलूप. माणूस सरबत प्यायला कपडे बदलून घराबाहेर पडत नाय, मॅडम.”

“मी पडते,” ॲनीबाय म्हणाली.

“तू सरबत पितेस?”

तिने ग्लासकडे पाहिलं. ऑलिव्हर हसले.

मग व्हॅलेरियननी जे सांगायचं होतं ते सांगितलं. विश्वस्त तीन आहेत, तिघेही टेबलाशी आहेत. न्यास रद्द करायचा अर्ज देता येतो. तसं झालं तर क्रूस यादीतून निघेल, अंतराचा प्रश्नच राहणार नाही. “क्रूस कटेच जाणार नाय, बाय. फक्त कागद जाईल.”

“कागद गेला की क्रूस गेला.”

“कोण नेणार?”

“गल्लीच्या तोंडापासून लाल रंगाची रेघ मारलीय. दुसरी इमारत येतेय, त्यांना फायर ब्रिगेडची गाडी आत यायला सहा मीटर रस्ता लागतो. परवा दोघे जण टेप घेऊन आलेले, हिच्यासारखेच.” तिने माझ्याकडे हनुवटीने दाखवलं. “मी त्यांना कागद दाखवला. गेले.”

मी ती रेघ पाहिली होती. क्रूसाच्या कठड्यापासून तिचं अंतर एक मीटर पाच सेंटीमीटर होतं.

“मग क्लब जाऊदे म्हणतेस.”

“मी असं म्हणाले?”

“मग काय म्हणतेस?”

हाउजीवाल्यांतला एक जण मागून म्हणाला, “बाय, पुढचा नंबर सांगू का?” त्याला गप्प बसवलं.

ॲनीबायने मला विचारलं, “पोरी, फरशी नसती तर किती?”

“अठ्ठ्याऐंशी मीटर दहा.”

“तेवढं चालतं?”

“पंचाहत्तरच्या वर काहीही चालतं.”

“मग फरशी काढ, वॅली.”

“बाय, ती फरशी—”

“माहीत हाय ती कशाला टाकली ते.”

मला माहीत नव्हतं. ऑलिव्हरनी सांगितलं. मे महिन्यात रोज संध्याकाळी क्रूसासमोर लादिन म्हणतात, म्हणजे लॅटिन आणि मराठीत प्रार्थना. लादिन झाली की उकडलेले चणे वाटतात. आणि चण्यांबरोबर एक पेग, असा रिवाज पूर्वीपासूनचा. पूर्वी तो क्रूसापाशीच मिळायचा. नंतर कायदे आले, उघड्यावर बाटली काढता येईना, म्हणून चणे हातात घेऊन सगळे क्लबमध्ये यायला लागले. म्हातारी माणसं रस्त्याने वळसा घालताना थकायची, म्हणून फरशी. क्रूसापासून क्लबपर्यंत जवळचा रस्ता करायचा, एवढ्याचसाठी ती टाकलेली होती.

“लादिनला तू कशी येशील?” व्हॅलेरियननी विचारलं.

“लादिन माझ्या दारात हाय. मी तिथेच असते.”

“त्याच्यानंतर.”

“रस्त्यानं.”

“तुझे गुडघे—”

“माझे गुडघे हायेत. मना ठाव हाय ते कटे हायेत.” तिने ग्लास संपवला आणि काठी घेतली. “आज मात्र मी फरशीवरून जाणार. आज हाय ती.”

ती गेल्यावर व्हॅलेरियननी मला विचारलं की फरशी काढली तर तो गुन्हा होतो का. मी म्हणाले की मला माहीत नाही, मी फक्त मोजते. फोनवर सुदेशसर म्हणाले की पाहणीच्या दिवशी जागेवर जे असेल ते मोजायचं. नाल्यावर खासगी फरशी टाकायला मुळात परवानगी लागते आणि ती कधी घेतलीय असं फायलीत दिसत नाही. काढायला कोण अडवणार? माझा रिपोर्ट त्यांनी ‘फेरपाहणी आवश्यक’ असा शेरा मारून ठेवून दिला.

फेरपाहणी मेच्या दुसऱ्या शनिवारी झाली, संध्याकाळी पाच वाजता.

फरशी काढली होती. तिचे दोन तुकडे अंगणाच्या भिंतीला टेकवून उभे होते. काढताना मधोमध तडकली, असं ऑलिव्हर म्हणाले. पाइपचा कठडाही कापला होता. नाल्याच्या दोन्ही काठांना छातीएवढी जाळी ठोकलेली, कोणी फळी टाकू नये म्हणून.

जाईबाई गल्लीतून ओरडत होत्या. “कोनाच्या पोटात दुखत होतं रे त्या फरशीनं? मासळी घेऊन वळसा कोन घालनार आता, तुमचा बाप?”

“आमचा बाप वर गेला, जाईबाई,” ऑलिव्हर अलीकडून म्हणाले. “तुम्ही फाटकातून या. बोंबील ठेवा अर्धा किलो.”

“तुमाला बोंबील पायजे तर या हिकडं. रस्त्यानं!”

सुदेशसरांनी जाळीचे आणि तुकड्यांचे फोटो काढले. मी क्लबच्या दाराच्या मध्यापासून मोजचाक चालवत फाटक, रस्ता, कोपरा, पूल आणि गल्ली असं क्रूसाच्या कठड्याच्या मध्यापर्यंत गेले. तीनदा. अठ्ठ्याऐंशी मीटर बारा, अठ्ठ्याऐंशी मीटर आठ, अठ्ठ्याऐंशी मीटर दहा. सरासरी अठ्ठ्याऐंशी मीटर दहा. दुसरा मार्ग आढळला नाही. सुदेशसरांनी ‘अट पूर्ण होते’ असं लिहून सही केली आणि प्रत व्हॅलेरियनना दिली. व्हॅलेरियननी ती शेवटपर्यंत वाचली. मग सही केली.

“राहा आता लादिनला,” ते म्हणाले. “चणे खाऊन जा.”

सुदेशसरांना कळव्याला लग्नाला जायचं होतं. मी राहिले.

क्रूसाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पन्नासेक माणसं होती. ॲनीबाय कठड्याला टेकून स्टुलावर बसली होती आणि लादिन तीच सांगत होती. बाकीचे मागून म्हणत होते. मला अर्थ कळला नाही. चाल एकच होती आणि ती दर चौथ्या ओळीला उतरायची. सहा वाजून चाळीस मिनिटांनी लादिन संपली. कागदाच्या पुड्यांत चणे वाटले. मला दोन पुड्या मिळाल्या.

मग सगळे रस्त्याने क्लबकडे निघाले. पुढे ऑलिव्हर आणि बाकीचे पुरुष, त्यांच्यामागे बायका. कोपऱ्यावर पोचेपर्यंत ओळ लांबली. ॲनीबाय स्टुलावरून उठली, मेणबत्त्या पाहिल्या, कडी घातली. ऑलिव्हर क्लबमधून स्कूटर घेऊन परत आले.

“बस, बाय.”

“हट. पादचारी म्हणून लिवलंय त्यांच्या कायद्यात. स्कूटर नाय लिवली.”

“आता मोजणी संपली गं!”

“मग ही अजून इथं कशाला?” तिने मला काठीने दाखवलं. “ए पोरी, हाय का तुझं घड्याळ? धर.”

“नको बाय,” व्हॅलेरियन म्हणाले. ते तिच्यासाठी मागे थांबले होते. तिने त्यांचा हात धरला नाही, म्हणून ते तिच्या बाजूने, एक पाऊल मागे राहून चालायला लागले. ऑलिव्हर स्कूटर बंद करून ढकलत मागून.

मी घड्याळ सुरू केलं आणि क्लबच्या दारात बंद केलं. वही काढून शेवटच्या पानावर लिहिलं:

ॲनी परेरा, वय ७८. क्रूसाच्या कठड्यापासून क्लबच्या दारापर्यंत. अंतर ८८.१० मीटर. थांबे चार. वेळ ७ मिनिटं २५ सेकंद.